६४-बिट उबुंटूवर प्रोग्राम समोर आहे, तरी 'सापडत नाही'

प्रश्न: जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर चालवला की टर्मिनलवर येतं, 'अशी फाइल किंवा फोल्डर नाही'. फाइल तर दिसतेय, परवानगीही दिलीय. काय करू?

उत्तर १: त्या फाइलवर 'फाइल' ही कमांड चालवा. '३२-बिट, इंटेल ८०३८६' आलं तर हरवलाय तो प्रोग्राम नव्हे, त्याचा ३२-बिट लोडर (प्रोग्राम मेमरीत आणून सुरू करणारी छोटी फाइल). कर्नलला (सिस्टिमच्या गाभ्याला) तो मिळत नाही, म्हणून हा फसवा संदेश. प्रत्येक कमांडला सुडो (प्रशासकाचे अधिकार देणारा शब्द) लावून क्रमाने चालवा ('आय३८६' म्हणजे ३२-बिट इंटेल प्रकार): 'डीपीकेजी --ॲड-आर्किटेक्चर आय३८६', 'एपीटी अपडेट' (हे विसरू नका, नाहीतर पॅकेज सापडणारच नाही), 'एपीटी इन्स्टॉल लिबसी६:आय३८६'.

उत्तर २: नंतर एखादी लायब्ररी (प्रोग्रामला लागणारी तयार कोडची फाइल) कमी पडली तर तिचं नाव संदेशातच येईल. तिचंही ':आय३८६' पॅकेजच घ्या. कुठून तरी उतरवलेली सुटी फाइल सिस्टिमच्या फोल्डरमध्ये कृपया टाकू नका. 'फाइल' कमांडने इंटेलऐवजी 'एआरएम' दाखवलं तर मात्र हा उपाय नाही. प्रोसेसरच वेगळा, दुसरी आवृत्ती शोधा.