मदत हवी आहे: रिहॅब नर्सिंगच्या अनुभवावर बाहेरगावी-बाहेरदेशी फिरतं काम मिळतं का?

नमस्कार. कोल्हापुरात एका खाजगी रिहॅब (पुनर्वसन) सेंटरला चार वर्षं स्टाफ नर्स आहे. बीएस्सी नर्सिंग, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन. वय २७, लग्न व्हायचंय (घरात रोज तोच विषय, असो).

आमच्याकडे पॅरालिसिसचे आणि मणक्याचे पेशंट जास्त. कुणी उसाच्या ट्रॉलीवरून पडलेलं, कुणाची हायवेला गाडी घसरलेली. दर दोन तासांनी कूस बदला, स्वतःचं कॅथेटर (लघवीची नळी) स्वतः घालायला शिकवा, पोट साफ व्हायची वेळ बसवा, घरच्यांकडून व्हीलचेअरवर घ्यायची तालीम करून घ्या. एकदा मानेच्या मणक्याच्या पेशंटचं बीपी एकदम चढलं, घामाघूम, डोकं ठणकतंय. सगळे गोळी शोधत होते. मी त्याला आधी उठवून बसवलं आणि नळी बघितली, तर मांडीखाली मुडपलेली. सरळ केल्यावर थोड्या वेळात बीपी उतरलं. पण मुलाखतीला गेलं की एकच प्रश्न, "आयसीयू केलंय? व्हेंटिलेटर?" आणि मग "कळवतो".

आता एक एजंट म्हणतोय, अमेरिकेत १३ आठवड्यांच्या ट्रॅव्हल काँट्रॅक्टवर (थोड्या मुदतीचं फिरतं काम) थेट पाठवतो, आधी पैसे भरा. मला हे पटत नाही. मी वाचलंय त्याप्रमाणे आधी एनक्लेक्स (तिथली नर्सिंग लायसन्सची परीक्षा), मग व्हिसास्क्रीन (आपल्या शिक्षणाची आणि लायसन्सची तपासणी), आणि ईबी-३ व्हिसा (ग्रीन कार्डवाला) कायमच्या नोकरीवर मिळतो. मग १३ आठवड्यांसाठी कोण नेणार? म्हणजे आधी एका जागी टिकायचं, फिरणं नंतर, असंच ना?

दुसरं, अमेरिकेतली रिहॅब नर्सची खास सीआरआरएन परीक्षा द्यायला तिथलं लायसन्स आणि दोन वर्षांचा रिहॅबचा अनुभव लागतो. इथला अनुभव त्यात धरतात का? की आधी इथेच वर्षभर मेडिसिन वॉर्ड करू? मैत्रीण म्हणते जर्मनीला चल, पण बी२ पातळीपर्यंत (बऱ्यापैकी सफाईदार) जर्मन शिकायचं म्हणजे नाईट ड्युट्या सांभाळून कधी?

आईचं म्हणणं वेगळंच, "लोकांचं हागणं-मुतणं काढायला सातासमुद्रापार जायचं व्हय?" तिला कसं सांगू, लघवीवर ताबा आला त्या दिवशी पेशंटनं पेढे वाटले होते.

आयसीयूवाल्यांचे अनुभव भरपूर वाचलेत. रिहॅबमधूनच कुणी गेलं असेल तर कृपया लिहा. एजंटला रविवारपर्यंत उत्तर द्यायचंय.