लहान मुलांचं दूध मोठ्यांच्या कॉफीहून महाग का?

पर्वरीचा बापूस

मुलगी सहा वर्षांची. रविवारी पणजीत कांपालच्या बालोद्यानात तासभर घसरगुंडी झाली आणि मग 'चॉकलेटवालं दूध' हवं म्हणून हट्ट सुरू झाला. तिथल्याच मळा या भागात एका जुन्या घरात कॅफे आहे, तिथं शिरलो. बायकोची कॅपुचिनो १८०, माझी अमेरिकानो १६०. मुलांसाठी मेनूत वेगळा कोपरा, त्यावर अस्वलाचं चित्र आणि खाली 'लिटल वन्स हॉट चॉकलेट' २१० रुपये.

कप आला तो माझ्या मुठीत मावेल एवढा. कोमट दूध, वर फेस, फेसावर कोकोची पूड, दोन मार्शमेलो. तिनं मार्शमेलो खाल्ले, फेस चमच्यानं चाटला, मिशी पुसली आणि म्हणाली, "बस्स." उरलेलं दूध मी प्यायलो. टेबलावरचं सगळ्यांत महागडं पेय माझ्या वाट्याला आलं, तेही थंडगार.

ऑफिसच्या सवयीनं मी बिलांचे फोटो ठेवतो. २०२३च्या डिसेंबरात याच कॅफेत हाच कप १३० ला होता आणि अमेरिकानो १४० ला. म्हणजे माझी कॉफी वीस रुपयांनी चढली, तिचं दूध ऐंशीनं.

दूध महागलंय, हे मला कुणी सांगायला नको, घरी पिशवी मीच आणतो. २०२५च्या मे महिन्यात अमूलनं लिटरमागे दोन रुपये वाढवले. या कपात फार तर दीडशे मिली दूध. दोन रुपयांच्या वाढीतले त्याच्या वाट्याला तीस पैसे येतात. बाकीचे एकोणऐंशी रुपये सत्तर पैसे कुठून आले?

माझं म्हणणं एवढंच. पोर हट्ट करणार आणि शेजारच्या टेबलावर चार माणसं बघत असताना बाप 'नको, महाग आहे' म्हणणार नाही, हे ओळखून हा आकडा लावलाय.

म्हापशाची सुपारी

मग जाऊ नका. अमेरिकानो म्हणजे कॉफीत पाणी, त्याला १६० देताना तुम्हाला काही वाटलं नाही. दुधावर मात्र धागा काढलात.

दुधावरची साय

मी आसगावात छोटा कॅफे चालवते. (सुपारीबाबना बाजू घेतल्याबद्दल धन्यवाद, पण पाणी घालून विकतो असं म्हणू नका!)

दादा, कपातल्या वस्तूंचा हिशोब सांगते. आमच्याकडे दूध १२ रुपयांचं, चॉकलेट पावडर १८, मार्शमेलो आणि बाकी किडूकमिडूक ८. चाळीसच्या आत. तुम्ही लगेच म्हणाल, बघा! पण भाडं, वीज, पाच जणांचे पगार आणि जून ते सप्टेंबर बल्कांवावर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर बसून पाऊस मोजायचा, ते दिवस मी कुठल्या कपात घालू? भाड्यावर १८ टक्के जीएसटी जातो. तुमच्या बिलावर आम्ही ५ टक्के लावतो. नोव्हेंबर २०१७ पासून या ५ टक्क्यांच्या व्यवस्थेत इनपुट क्रेडिट, म्हणजे आम्ही खर्चावर भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही. म्हणजे भाड्यावरचे, मशिनवरचे १८ टक्के आम्ही गिळायचे.

कोकोची गोष्ट तर वेगळीच. वर्षानुवर्षं टनाला अडीच-तीन हजार डॉलरच्या आसपास असलेला कोको २०२४च्या मार्चमध्ये दहा हजारांवर गेला, त्याच वर्षी डिसेंबरात बारा हजारांच्याही वर. जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. तिथं पाऊस बिघडला, झाडांना रोग लागला आणि इथं माझा पुरवठादार दर पंधरवड्याला नवा भाव सांगायला लागला.

आणखी एक. दोघं कॉफी घेतात, पोरासाठी 'काही नको, घरून पाण्याची बाटली आणलीय'. तिघं दीड तास बसतात. शनिवारी संध्याकाळी त्या एका खुर्चीची किंमत काय असते ते एकदा आमच्या गल्ल्यावर बसून बघा.

फोंड्याची वैनी

मला जुळी आहेत, चार वर्षांची. बापूसभाऊ, २१० रुपये दुधाचे नसतात हो. ती दोघं फेसात नाक बुडवून बसली की मला माझी कॉफी गरम असताना प्यायला मिळते. घरी गेल्या चार वर्षांत हे किती वेळा झालं ते एका हाताच्या बोटांवर मोजता येईल. दोन कपांचे ४२० देऊन पस्तीस मिनिटं मिळाली. मला परवडली. उगाच 'पोरांना लुटतात' म्हणून गळा काढू नका.

पर्वरीचा बापूस

वैनी, म्हणजे माझंच म्हणणं झालं. तुमच्या थकव्याचा दर लावलाय.

सायताई, हिशोब उघड केलात, मानलं. कोको चढला तेव्हा दर चढला, हेही पटलं. पण २०२५ मध्ये कोको उतरत उतरत निम्म्याच्या आसपास आला. वर २२ सप्टेंबर २०२५ पासून चॉकलेट आणि कोको पावडरवरचा जीएसटी १८ चा ५ झाला. क्रेडिट मिळत नाही, असं तुम्हीच लिहिलंत. क्रेडिट मिळत नाही म्हणजे कमी झालेला कर सरळ तुमच्या खर्चातून कमी होतो. तो मेनूवर कुठं दिसला?

दुधावरची साय

अठरा रुपयांची पावडर सोळाला आली. दोन रुपये वाचले. दोन रुपयांसाठी मेनू परत छापू?

म्हापशाची सुपारी

वाढवताना छापता ना?

(हो, मघाशी मी यांच्या बाजूनं होतो. आता नाही.)

मशीनमागचा पोरगा

मी पणजीतच एका कॅफेत कॉफी करतो. नाव विचारू नका, नोकरी जाईल.

मुलांचं दूध म्हणजे सगळ्यांत कटकटीचं काम. कॅपुचिनोचं दूध आम्ही साठ-पासष्ट अंशांपर्यंत नेतो. मुलांसाठी पन्नासच्या अलीकडेच वाफ बंद करावी लागते आणि तेवढ्यात फेसही नीट यायला हवा. कमी झालं तर 'गार आहे', जास्त झालं तर पोराची जीभ पोळते आणि आई माझ्यावर. चॉकलेटचा जग लगेच घासावा लागतो, नाहीतर पुढच्या माणसाच्या लाट्टेला वास. आणि दहातले तीन कप टेबलावर सांडतात. ते पुसायचं, वर हसायचं, कधी कधी दुसरा कप फुकट द्यायचा. म्हणून मोठ्यांच्या कॉफीहून तो थोडा महाग असणं मला चूक वाटत नाही.

पण दर वाढला तेव्हा माझा पगार वाढला नाही, हेही लिहून ठेवतो.

शेणवी गल्ली

माझी बहीण मेलबर्नला असते. तिथं याला 'बेबीचिनो' म्हणतात. एस्प्रेसोच्या छोट्या कपात दुधाचा फेस, वर चिमूटभर कोको, कॉफीचा थेंब नाही. तिचा मोठा मुलगा लहान होता तेव्हा कोपऱ्यावरचा कॅफेवाला आईच्या कॉफीबरोबर तो कप फुकट द्यायचा. धाकटीच्या वेळेपर्यंत त्याचे पैसे लागायला लागले, मार्शमेलोचे वेगळे. बहीण म्हणाली, "फुकट होतं तेव्हा मी आठवड्यातून तीनदा जायचे, आता एकदा." आता धंदा कुणाचा बुडाला ते सायताईंनी सांगावं.

तात्या, मडगाव

गोव्यात कॅफे म्हणजे काय हे तुम्हा पोरांना ठाऊक नाही. पणजीत कॅफे भोसले, कॅफे ताटो. आत शिरलं की पातळ भाजी, सुकी भाजी, पाव, बन्स, मिरची. आमचे वडील चहा मागवायचे आणि बशीत अर्धा ओतून माझ्यापुढं सरकवायचे. त्या बशीचं बिल कुणी लावलं नाही. उन्हाळ्यात गोटी सोडा. गोटी बाटलीतून काढायची कशी, या विचारात अर्धा तास जायचा, मार्शमेलो कुणाला हवा होता?

फोंड्याची वैनी

तात्या, सहा वर्षांच्या पोराला चहा!

तात्या, मडगाव

बहात्तर झालीत मला. काय बिघडलं?

आहारवाली

माझ्या व्यवसायामुळे मला इथं वेगळंच खुपतंय. चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण साडेतेराशे कॅलरी लागतात. वरून घातलेली साखर त्यातल्या दहा टक्क्यांच्या आत असावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, पाचच्या आत राहिली तर उत्तम. दहा टक्के म्हणजे सुमारे ३४ ग्रॅम, साडेआठ चमचे, अख्ख्या दिवसाची मिळून. त्यात सकाळचं बोर्नव्हिटा, शाळेतल्या वाढदिवसाचं चॉकलेट, बिस्किटं आलीच. गोड चॉकलेट पावडर, वर सिरप, वर मार्शमेलो अशा एका कपानं त्यातला मोठा घास जातो. (बोर्नव्हिटाचं नाव काढलं म्हणून सांगते, अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरात विकू नका, असं केंद्र सरकारनं एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना बजावलं होतं.)

तेव्हा बापूसदादा, रागावू नका, पण तो कप २१० चा आहे म्हणून महिन्यातून एकदा मिळतो. साठ रुपयांना झाला तर दर रविवारी मिळेल. महागच राहू दे.

पर्वरीचा बापूस

हे अजब आहे. साखर जास्त आहे तर साखर कमी करा. वाढीव पैसे काही मुलीच्या दातांच्या डॉक्टरकडे जात नाहीत. आणि महाग झाल्यावर कुणाची पोरं थांबतात? ज्यांना परवडत नाही त्यांची. आसगावात बंगला घेतलेल्यांची पोरं पीतच राहणार.

शेणवी गल्ली

हा शेवटचा मुद्दा धाग्यात आधी यायला हवा होता. आपल्याकडचे अर्धे मेनू आता आपल्यासाठी छापलेलेच नसतात. डिसेंबरात दिल्ली-मुंबईहून येणाऱ्याला २१० म्हणजे त्याच्या गावापेक्षा स्वस्त. तो चार दिवसांत जातो, दर मात्र बारा महिने इथंच राहतो.

दुधावरची साय

हे खोटं म्हणता येत नाही. पण घरमालकही त्याच चार दिवसांकडे बघून भाडं सांगतो. माझं भाडं जुलैत अर्धं होत नाही.

म्हापशाची सुपारी

मग पोरांसाठी कोकम सरबत ठेवा. इथल्याच झाडाचं फळ, घाना लागत नाही, वाफ लागत नाही, मशीनमागच्या पोराला जग घासायला नको. आगळ, पाणी, साखर, मीठ, चिमूटभर जिरं. आहारवाली बाईंसाठी साखर अर्धी.

दुधावरची साय

ठेवलं होतं. साठ रुपये. मोठ्यांनी त्याचे फोटो काढले, मुलांनी तोंडं वाकडी केली. दोन महिन्यांत एकूण अकरा ग्लास गेले, त्यातले चार मीच प्यायले.

फोंड्याची वैनी

आमची जुळी सोलकढी वाटीनं पितात. पण कॅफेत गेली की तिथं कोकम दिसताच 'हे तर आजीकडचं' म्हणतात. पोरांना घरचं पेय बाहेर पैसे देऊन नको असतं, मोठ्यांना हवं असतं. माझा अनुभव सांगितला.

मशीनमागचा पोरगा

खोक्यातला ज्यूसही मागतात लोक. खोक्यावर २० लिहिलेलं असतं, आम्ही ७० लावतो. भांडणं होतात. साहेब म्हणतात, सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्ये हॉटेलांना पाण्याची बाटली छापील किमतीहून जास्त दरानं विकायला परवानगी दिली, तोच न्याय. ज्यूसला तो लागतो की नाही ते वकिलांनी सांगावं, गिऱ्हाइकाच्या शिव्या मात्र मला लागतात.

पर्वरीचा बापूस

बरं, मी एक व्यवहाराचं बोलतो. सायताई, मुलीनं जेमतेम अर्धा कप प्यायला. अर्धा कपच विका. साठ-सत्तर मिली दूध, फेस, चिमूटभर कोको, मार्शमेलो नको. नव्वद रुपये. दूध-पावडर जाऊन तुमच्याकडे सत्तरच्या वर उरतात, खुर्चीचं भाडंही निघतं. आहारवाली बाईंची साखर निम्मी झाली. मला थंड दूध संपवावं लागणार नाही.

दुधावरची साय

विचार करण्यासारखं आहे, खरंच. जुलैत गर्दी नसते, तेव्हा लावून बघते. डिसेंबरात नाही जमणार, तेव्हा त्याच खुर्चीवर २१० वाला बसतो.

पर्वरीचा बापूस

चालेल. आणि ते अस्वल काढा. तुमच्याकडे नसेलही, पण असं जे काही असेल ते. साधं लिहा: 'दूध, कोको घालून, अर्धा कप'.

दुधावरची साय

आमच्याकडे ससा आहे. अर्धा कप देईन, दर उतरवीन, मार्शमेलो काढीन. ससा काढणार नाही. सशाशिवाय कुठलं मूल त्या ओळीवर बोट ठेवेल?

पर्वरीचा बापूस

रविवारपासून मी दुसरं काय बोलतोय?