१७ देश ‘पाहिले’ म्हणजे नक्की काय पाहिलं?

उंटावरून

कालच्या ‘कंपनीकृपेने १७ देश’ या लेखाखाली प्रतिसाद द्यायला बसलो, तो मारुतीच्या शेपटासारखा वाढत गेला. म्हणून हा वेगळा धागा. ज्यांनी लेख वाचला नाही ते सुटले, पण त्यांच्यासाठी सार देतो. लेखक १२ वर्षं कामानिमित्त फिरले आणि आता त्यांनी प्रत्येक देशाच्या हातात दोन ओळींचं प्रगतिपुस्तक ठेवलंय. जर्मनी: शिस्त, गाड्यांवर घड्याळ लावून घ्यावं. जपान: नम्रता, कुणी ‘नाही’ म्हणत नाही. नायजेरिया: कुणालाच कसली घाई नाही. मॉरिशस: समुद्र सोडला तर शून्य.

साहेब, गाड्यांवर घड्याळ लावायची ती जर्मनी कुठली हो? मला तिकिटासकट पत्ता द्या. २०२४ साली तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम ६२ टक्के वेळेवर पोचल्या. त्यातही सहा मिनिटांच्या आतला उशीर ते उशीर धरतच नाहीत! श्टुटगार्टचं मुख्य स्टेशन २०१० पासून खोदून ठेवलंय. मी तिथं कुडकुडत उभा असताना माझा जर्मन सहकारी ‘बान’ (म्हणजे तिथली रेल्वे) हा शब्द ज्या सुरात उच्चारत होता, तो सूर मी फक्त स्वारगेटला ऐकलाय.

मी स्वतः ११ देशांत जाऊन आलोय, त्यामुळे कोल्ह्याला द्राक्षं आंबट म्हणू नका. पण मी काय पाहिलं? विमानतळ, टॅक्सी, हॉटेल, करड्या गालिच्याची मीटिंग रूम, पुन्हा हॉटेल. सिंगापूरला चार वेळा गेलो. चांगी विमानतळावर तासभर बोलू शकतो, सिंगापूरवर दोन मिनिटंही नाही. शनिवारवाड्यासमोरून रिक्षा गेली म्हणून कुणी पेशवाईवर लेख पाडत नाही. कामाचे देश मोजूच नयेत, असं माझं स्पष्ट मत.

फिटरबाई

तुमचा राग लेखकावर आहे आणि वरवंटा सगळ्यांवर फिरवताय. तुम्ही मीटिंग रूममध्ये बसलात हा तुमच्या नोकरीचा दोष, कामाचा नाही.

मी पॅकिंग मशिन बसवून चालू करून द्यायला नायजेरियात लागोसजवळ ओटाला तीन महिने होते. पर्यटक तिथं कशाला मरायला जातोय? पण मला तो देश कामामुळेच कळला. आमचा फिटर पहाटे साडेचारला घर सोडायचा. का? तर उजाडल्यावर रस्ता तुंबतो. त्याला तिथं ‘गो-स्लो’ म्हणतात. पिवळ्या डान्फो बसला लटकून दोन-अडीच तास प्रवास करून माणूस साडेसातला हातात पाना घेऊन उभा. आणि लेखक म्हणणार, कुणाला घाई नाही. साडेनऊला एसी गाडीतून उतरणाऱ्याला काय दिसणार?

दिवसातून चार-पाच वेळा वीज जायची आणि जनरेटर धडधडायचा. परत आली की मागच्या वस्तीतली पोरं एका सुरात ओरडायची, ‘अप नेपा!’ नेपा ही तिथली सरकारी वीज कंपनी २००५ सालीच मोडीत निघाली, आरोळी मात्र शिल्लक आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला सांगलीतलं लोडशेडिंग आठवलं. आम्हीही ‘आलीऽऽ’ म्हणून अशाच बोंबलायचो.

आणखी एक. योरुबा या तिथल्या भाषेत काम करत असलेल्या माणसासाठी वेगळा नमस्कार आहे, ‘एकू इशे’. मी पॅनलमध्ये डोकं घालून बसलेली असताना येणारा-जाणारा प्रत्येक जण तो म्हणून जायचा. आपल्याकडे अशा वेळी काय म्हणतात? ‘मॅडम, अजून किती वेळ?’

दर्यावर्दी_रत्नांग्री

१७ म्हणे! आमचे ५२ झालेत, पण आम्ही ‘पाहिले’ म्हणत नाही. ‘लागलो’ म्हणतो. जहाज लागतं, माणूस नाही.

रॉटरडॅमला मी १९ वेळा लागलोय. शहर दोनदा पाहिलं. नवीन कंटेनर टर्मिनल मासव्लाक्टेला आहे, तिथून गावात जायचं तर चाळीसेक किलोमीटर. मधल्या वेळात इथं लॅशिंग म्हणजे कंटेनर बांधणं, तिथं सर्व्हेयर, वर स्टोअर्स घ्यायची, आणि २० तासांत जहाज बाहेर काढणारा बंदराचा पायलट परत जहाजावर. वडील पण बोटीवरच होते. त्यांच्या वेळी जनरल कार्गोला एकेका बंदरात दोन-दोन आठवडे काढायचे. ते ब्राझीलमधल्या सान्तोसबद्दल बोलायला लागले की आई विषय बदलायची. माझं सान्तोस म्हणजे क्रेन आणि साखरेचा वास.

२०२० च्या कोविडात साडेतेरा महिने उतरू दिलं नाही कुणी. त्यात नऊ देश झाले, पाय एकाच्याही जमिनीला नाही. ते नऊ धरू का सोडू, उंटावरच्या शहाण्यांनी सांगावं.

नव्वद_दिवस

मूळ प्रश्न कुणी विचारतच नाहीये. देश पाहायचा की नाही हे आपण ठरवतो का? शेंगेनवाले, म्हणजे युरोपातले सामायिक व्हिसावाले देश, ठरवतात! १८० दिवसांत ९० दिवस. बँकेचं स्टेटमेंट द्या, पगारपत्रकं द्या, परतीचं तिकीट द्या, अपॉइंटमेंट मात्र दीड महिन्यानंतरची. २०२४ च्या जूनपासून फी ८० वरून ९० युरो केली. माझ्या हाताखालचा पोरगा, त्याच प्रोजेक्टवरचा, त्याला व्हिसा मिळाला आणि मला...

उंटावरून

@नव्वद_दिवस, हे तुम्ही आंब्याच्या धाग्यावरही लिहिलं होतं.

@फिटरबाई, दंडवत. पण तीन महिने साइटवर राहणं आणि तीन दिवस परिषदेला जाणं एक नव्हे. तुम्ही तिथं राहिलात. मी दौऱ्यांबद्दल बोलतोय.

पै_पै

सगळे सोवळ्यात बोलतायत, म्हणून मी बोलतो. कामाच्या परदेश दौऱ्याचा एकच खरा अर्थ: भत्ता. दिवसाला ५० डॉलर मिळायचे. ४२ दिवस ह्यूस्टनला काढले. सकाळी हॉटेलचा फुकट नाश्ता दाबून, दुपारी खाकरा, रात्री झटपट उपमा. वाचलेल्या पैशात वाकडच्या फ्लॅटचा पहिला हप्ता गेला. ह्यूस्टनमध्ये काय पाहिलं विचाराल तर किटली पाहिली. माझी कसलीही तक्रार नाही.

कडू कारलं

अशा लोकांमुळेच आपली लाज जाते. कंपनी जेवायला पैसे देते, फ्लॅटला नाही.

इंग्लंडमध्ये जानेवारीत रात्री साडेअकराला आमच्या हॉटेलचा फायर अलार्म वाजला. सव्वाशे माणसं पायजम्यावर गाडीतळात. म्हाताऱ्या बायका, तान्हं मूल, एक नवरीसुद्धा. अग्निशमनवाले आत जाऊन आले. मला त्यांनी सांगायची गरजच नव्हती, जिन्यात हिंगाचा वास आला तेव्हाच मी मजला ओळखला होता. आमचे टीम लीड! खोलीत इंडक्शन लावून वरणाला फोडणी. त्यानंतर त्या हॉटेलानं आमच्या कंपनीच्या लोकांना वेगळ्या विंगेत टाकायला सुरुवात केली. आता हे ‘देश पाहणं’ आहे की देशाला आपण दाखवणं?

पै_पै

फोडणी मी दिलेली नाही. उपमा गरम पाण्याचा असतो.

आणि लाज कसली हो? वडील गिरणीतले, संपानंतर घरी बसलेले. बहिणीचं लग्न त्या डॉलरांवर झालंय. तुम्ही स्टेक खाऊन देशाचं नाव उज्ज्वल केलंत, आम्ही उपमा खाऊन घर उभं केलं. ज्याचं त्याचं पर्यटन.

कडू कारलं

गिरणी मध्ये आणली की समोरच्यानं गप्प बसायचं असतं, हा जुना डाव आहे. माझेही वडील काही टाटा नव्हते. मुद्दा इतकाच की ४२ दिवसांत एकदाही स्थानिक माणसाबरोबर जेवला नाहीत, तर तुम्ही ह्यूस्टनला नव्हताच. वाकडलाच होता, फक्त घड्याळ मागं होतं.

दर्यावर्दी_रत्नांग्री

रच्याकने (बाय द वे), उपम्याचं पाकीट कुठलं?

नागोयाहून नमस्कार

@कडू कारलं, स्थानिक माणसाबरोबर जेवा म्हणणं सोपं आहे. मी शाकाहारी. इथं ‘भाज्यांचंच आहे’ म्हणून समोर ठेवलेल्या सूपचं पाणीसुद्धा दाशी असतं, म्हणजे सुक्या माशाचा अर्क. पहिली दोन वर्षं भात आणि लोणच्यावर काढली. इतरांनी त्याला साधना म्हटलं, मी ॲसिडिटी.

आता जपानबद्दल. लेखक म्हणतात, कुणी ‘नाही’ म्हणत नाही. अहो, दिवसभर ‘नाही’च म्हणत असतात! ‘चोत्तो मुझुकाशी’, म्हणजे ‘जरा अवघड आहे’, म्हणजे विषय संपला. ‘केन्तो शिमासु’, म्हणजे ‘विचार करतो’, म्हणजे तेरावाही उरकला. मी नवा असताना पुण्याच्या ऑफिसला आनंदानं मेल टाकला होता, की गिऱ्हाईक आपल्या किमतीवर विचार करतंय. तीन आठवडे सगळे पेढ्यांची वाट बघत बसले. शेवटी ऑफिसनंतरच्या बिअरवर तिथल्या एका ज्येष्ठानं मला बाजूला घेऊन सांगितलं. क्योटोची देवळं हिंडणाऱ्याला हे कळेल का? काम अडल्याशिवाय माणूस खरं बोलत नाही.

उंटावरून

तुम्ही किती वर्षं आहात तिथं? सहा? मग तुम्ही माझ्याच बाजूचे झालात. लेखक टोकियोत चार दिवस होते. त्यांना चार दिवस ‘विचार करतो’ ऐकवलं गेलं, आणि ते घरी येऊन लिहितात, ‘किती नम्र लोक!’

फिटरबाई

म्हणजे मुदतीचा प्रश्न आहे, कामाचा नाही. हे तुमच्या मूळ धाग्यात नव्हतं. हळूच गोलपोस्ट सरकवताय, आम्ही बघतोय.

उंटावरून

बरं, सरकवला. नायजेरिया तुमचा. घेऊन टाका.

तांबडा रस्सा

मला त्या लेखातलं मॉरिशस सगळ्यात जास्त झोंबलं. मी एबेनला आठ महिने होतो, बँकेच्या प्रोजेक्टवर. पहिल्याच आठवड्यात टीममधल्या एकानं विचारलं, ‘तू मराठी? मी पण.’ मी उडालोच. त्याचे खापरपणजोबा एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यावर मजूर म्हणून गेलेले. तो घरी क्रिओल बोलतो, ऑफिसात फ्रेंच आणि इंग्रजी. मराठी शाळेत शिकलेली, थोडी पुस्तकी. ‘आपण भोजन केले का?’ असं विचारायचा. सुरुवातीला हसू यायचं, नंतर लाज वाटली, कारण माझा स्वतःचा पोरगा ‘बाबा, लंच केला?’ म्हणतो.

तिथं गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी असते. पूर्ण देशाला! त्याच्याकडे दीड दिवसाचा गणपती होता. विसर्जनाला समुद्रावर गेलो, आणि बायका-बाप्ये फेर धरून नाचायला लागले. झाकरी म्हणतात त्याला.

दर्यावर्दी_रत्नांग्री

थांबा थांबा. झाकरी? जाखडी?? आमच्याकडे गणपतीत घुंगरू बांधून नाचतात ती? ढोलकी, मधे गाणारे, बाहेर गोल?

तांबडा रस्सा

तीच असावी. तिथल्या मराठी लोकांत मूळचे कोकणातले पुष्कळ. गाण्याचे अर्धे शब्द मला कळले नाहीत, पण तुम्हाला कळले असते.

दर्यावर्दी_रत्नांग्री

मी पोर्ट लुईला, म्हणजे मॉरिशसलाच, तीन वेळा लागलोय हो. तीन वेळा. एकदा तर ऑगस्टअखेर होती. बंकर, म्हणजे जहाजाचं इंधन, घेतलं आणि निघालो.

प्रवासी पक्षी

नमस्कार. १७ देशवाला मीच. दोन दिवस गंमत बघतोय.

जर्मनीतल्या गाड्यांची आकडेवारी मान्य. माझी गाडी वेळेवर आली होती, मी काय करू? नायजेरियाची ओळ काढून टाकतो. फिटरबाई, तुमचा फिटर मला दिसला नाही हे खरं. मला कंपनीच्या गाडीशिवाय फाटकाबाहेर पडायची परवानगी नव्हती, हेही तितकंच खरं. उंटावरून, तुमचा सूर मात्र फुकटचा होता. १२ वर्षांत मुलीचे सात वाढदिवस विमानतळांवरून फोनवर साजरे केलेत. बालवाडीत बाई म्हणाल्या, बाबा काय करतात? ती म्हणाली, ‘बॅग भरतात.’ तो लेख लिहिला कारण इतकं फिरून हाताला काय लागलं ते बघावंसं वाटलं. प्रत्येक देशाला दोनच ओळी निघाल्या, त्याला नाइलाज आहे.

मॉरिशसचं वाचून जुनी डायरी काढली. २०२२, सप्टेंबरची पहिली तारीख. मी लिहिलंय: ‘आज इथं कसलीशी सुट्टी, गिऱ्हाईकाचं ऑफिस बंद. एक दिवस फुकट गेला. दिवसभर खोलीत, मेल उरकले. बाहेर कुठं तरी ढोल वाजतायत, झोप होईना.’

पंचांग पाहिलं. चतुर्थी ३१ ऑगस्टला होती. तिथली सुट्टी दुसऱ्या दिवशी, दीड दिवसाच्या विसर्जनाची.

कडू कारलं

हे वाचून मलाच कसंतरी झालं, आणि मला सहसा होत नाही.

उंटावरून

सुराबद्दल माफी. मताबद्दल नाही. डायरी माझ्याच बाजूनं साक्ष देतेय.

फिटरबाई

उलट. ते दार उघडून ढोलाच्या दिशेनं गेले असते, तर कामाच्याच दौऱ्यात सापडलं असतं. मुदत एक दिवसाची. आता कुठं सरकवता गोलपोस्ट?

उंटावरून

जेवून येऊन उत्तर देतो.

पै_पै

उपम्याचं विचारत होतात ना, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. ह्यूस्टनला देशी दुकानात मिळतं, पण इथूनच न्या, स्वस्त पडतं.

प्रवासी पक्षी

लेखाच्या शीर्षकात १६ करतोय.

नव्वद_दिवस

मॉरिशसचं एक फार चांगलं आहे, आपल्याला आगाऊ व्हिसा लागत नाही. कुणी जाणार असेल तर गणपतीत जा. मी पण येतो.