मदत हवी आहे: एक्स्ट४ फाइल सिस्टिम नव्वद टक्के भरली की लिहिणं थबकतं, ब्लॉक अलोकेशन (डिस्कवर मोकळी जागा शोधून देणं) वेगवान कसं करू?

नमस्कार मंडळी,

नाटकांच्या प्रयोगांचं चित्रीकरण साठवायला आमच्याकडे एक सर्व्हर आहे. डेबियन ११ लिनक्स, कर्नल ५.१०, रेडवर (एकत्र जोडलेल्या डिस्कच्या संचावर) १६ टीबीची एक्स्ट४. चार कॅमेरे एकाच वेळी तिच्यावर लिहितात. डिस्क नव्वदीला टेकल्यापासून रेकॉर्डिंग मध्येच काही सेकंद अडतं आणि फ्रेम गळतात. झालेला प्रयोग पुन्हा मिळत नाही, त्यामुळे फार काळजी वाटते.

अडतं तेव्हा आयओस्टॅटमध्ये (डिस्कवरचा भार दाखवणारं टूल) डिस्क जवळपास निवांत असते, प्रोसेसरचा एक कोर मात्र १०० टक्क्यांवर. पर्फ टॉपमध्ये (कर्नलचा वेळ कुठे जातो ते दाखवणारं टूल) सगळ्यात वर एक्स्ट४_एमबी_गुड_ग्रुप, म्हणजे एखाद्या ग्रुपमध्ये पुरेशी जागा आहे का ते तपासणारं फंक्शन. म्हणजे वेळ लिहिण्यात नाही, जागा शोधण्यात जातोय. एक्स्ट४ डिस्कचे ब्लॉक ग्रुपमध्ये वाटते; ४ केबीच्या ब्लॉकला एक ग्रुप १२८ एमबीचा, म्हणजे १६ टीबीत लाखाच्या वर ग्रुप, आणि हे कर्नल ते ओळीने तपासत जातं. ई२फ्रीफ्रॅग (मोकळ्या जागेचे तुकडे मोजणारं टूल) सांगतं की दीड टीबीहून जास्त जागा मोकळी आहे, पण बहुतेक तुकडे १ एमबीच्याही आतले.

तुकडे पडायचं कारण बहुधा हे: लाइट गेली तरी रेकॉर्डिंग हाती राहावं म्हणून आमचा रेकॉर्डर दर सेकंदाला एफसिंक करतो, म्हणजे डेटा लगेच डिस्कवर उतरवायला लावतो. डिलेड अलोकेशनला (डेटा आधी मेमरीत साठवून जागा नंतर एकदम ठरवण्याच्या पद्धतीला) मोठा घास जमवायला उसंतच मिळत नाही. शिवाय एडिटिंगच्या हलक्या प्रती त्याच डिस्कवर बनतात आणि काम झालं की पुसल्या जातात. एफसिंक काढायची माझी तयारी नाही.

कर्नल ५.१३ मध्ये एमबी_ऑप्टिमाइझ_स्कॅन हा पर्याय आला, त्यात ग्रुप मोकळ्या तुकड्यांच्या आकारानुसार लावून ठेवतात. डेबियन १२ वर, म्हणजे ६.१ वर गेलो तर आधीच विस्कटलेल्या डिस्कवरही फरक पडतो का? की मोठे तुकडेच नसल्यावर शेवटी पुन्हा ओळीनेच शोध?

दुसरा विचार एफअ‍ॅलोकेटचा, म्हणजे फाइलसाठी जागा आधीच राखून ठेवण्याचा. बिटरेट ठरलेला आहे, तेव्हा पडदा उघडायच्या आधीच तीन तासांची जागा धरून ठेवायची आणि उरलेली शेवटी ट्रंकेट करायची, म्हणजे कापून मोकळी करायची. शोधायला वेळ लागला तरी तो प्रयोगाआधी लागेल. पण मग दर एफसिंकला अनरिटन एक्स्टेंट (धरलेली पण अजून न लिहिलेली जागा) लिहिलेली म्हणून बदलण्याचा भार जाणवतो का?

एक्सएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टिममध्ये मोकळी जागा लांबीनुसारही बी-ट्रीत (क्रमाने लावलेल्या झाडासारख्या सूचीत) असते हे माहीत आहे, पण एवढा डेटा हलवायला दुसरी डिस्क सध्या नाही. त्यामुळे फॉरमॅट न करता काय जमेल ते सांगा. प्रत्यक्ष असा सेटअप चालवणाऱ्यांचा अनुभव हवाय. एमबी_ग्रुप्सचं (ग्रुपनिहाय मोकळ्या जागेची यादी) आउटपुट लागलं तर लगेच टाकतो.