गोखल्यांना नुसतं ‘मवाळ’ म्हणून सोडू नका

स्वातंत्र्यलढ्यातले ‘मवाळ’ म्हणजे सरकारकडे नुसत्या अर्ज-विनंत्या करणारे, असं म्हटलं जातं. गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बाबतीत हे मत मला अजिबात पटत नाही. व्हाइसरॉयच्या कौन्सिलातली, म्हणजे तेव्हाच्या कायदेमंडळातली, त्यांची अर्थसंकल्पावरची भाषणं वाचा. सरकारचेच आकडे काढून सरकारला पेचात धरायचे. गरिबाच्या भाकरीसोबतच्या चिमूटभर मिठावरचा कर कमी करा, हे त्यांनी लावून धरलं. मणामागे अडीच रुपयांचा तो कर १९०३ पासून उतरत १९०७ मध्ये एक रुपयावर आला.

आणि त्यांनी मांडलेलं १९११ चं विधेयक! सहा ते दहा वर्षांच्या मुलांना सक्तीचं प्राथमिक शिक्षण (मुलींचं पुढे बघू म्हटलं, ही खंत आहेच). १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. दादरच्या गोखले रोडवर दप्तर सावरत पळणारी पोरं दिसली की मला ती १३ मतं आठवतात.