बँकेचा चेक, शर्टाचे चेक्स आणि चेक डॅम: सगळे एकच का?

सुदामानगरकरीण
नमस्कार मंडळी. मुलगा सातवीत, इंग्लिश मीडियम. त्याचं म्हणणं, बँकेच्या चेकच्या शेवटी क्यू-यू-ई आणि होमवर्क चेक करण्याच्या शेवटी सी-के, असं का? वर हेही की मामाच्या शेताजवळ चेक डॅम बांधलाय तो काय पाणी चेक करतो का? मी आपलं सांगून मोकळी झाले की इंग्रजीचं काही खरं नसतं, पोहे खा आणि शाळेत जा. पण मग मलाच चैन पडेना. शर्टाचे चेक्स, नाक्यावरचं चेकपोस्ट, बुद्धिबळातला चेक, आपल्या लिपीत लिहायला गेलं तर सगळं सारखंच दिसतं. हे एकाच घरातले आहेत की नुसते आडनावबंधू?

रिकामटेकडा_राजवाडा
ताई, एकाच घरातले, आणि तो शब्द तुम्ही रोज वापरता. शह! फारसीत शाह म्हणजे राजा. आपलं चतुरंग इराणात गेलं, तिथून अरबांकडे शतरंज झालं आणि मग युरोपात पोचलं. राजावर मारा आला की शाह म्हणायचं, म्हणजे बाबा रे राजा सांभाळ. लॅटिनात त्याचं स्काकस झालं, जुन्या फ्रेंचमध्ये एस्चेक, आणि इंग्रजांनी पुढचं शेपूट कापून चेक ठेवलं. चेस हे खेळाचं नावसुद्धा त्याच एस्चेकच्या अनेकवचनातून आलंय. म्हणजे आजोबा शह देतात आणि नातू मोबाईलवर चेक देतो, दोघं तेच बोलतायत, एकाचा शब्द दरबारी फारसीतून आला न् दुसऱ्याचा लंडनला वळसा घालून.

आता शह बसला की काय होतं? बाकी सगळे डाव बाजूला, आधी राजाचं बघा. म्हणून चेकचा जुना अर्थ अडवणे, रोखणे. तपासणे हा अर्थ पार १७व्या शतकाच्या शेवटी दिसायला लागतो. तुमच्या भावाचा चेक डॅम जुन्या अर्थाचा आहे, तो पाणी अडवतो, पोराला एवढं सांगितलं तरी पुरे. क्रिकेटच्या कॉमेंट्रीत चेक्ड ड्राइव्ह म्हणतात ना, बॅट पुरी न फिरवता मधेच थांबवलेली, तेही तेच.

चौकडीवाला
भिया मस्त सांगितलं. आमचं क्लॉथ मार्केटात दुकान आहे, दिवसभर बारीक चेक्स दाखव मोठे चेक्स दाखव हेच चालतं, घरी आम्ही चौकडीच म्हणतो. ते पटाच्या ६४ घरांवरून आलं असणार हे डोळ्यांना दिसतंच आहे. पण बँकेच्या चेकचा राजाशी काय संबंध?? पार्टीचा चेक बाऊन्स झाला की शह आम्हाला बसतो, मग एकतर १३८ ची केस लावा नाहीतर त्याच्या मागे मागे फिरा.

अन्नपूर्णा_रोड
बँकेचा चेक वेगळा आहे. अरबीत सक्क म्हणजे पैसे देण्याचा लेखी हुकूम, बगदादचे व्यापारी शेकडो वर्षांपूर्वी वापरत होते, त्यावरूनच चेक. सगळीकडे हेच लिहिलेलं असतं.

रिटायर्ड_मास्तर
सक्क खरा, बगदादचे व्यापारीही खरे. पण इंग्रजी शब्दाची वाट तिकडून जात नाही. १८व्या शतकात इंग्लंडात चेक म्हणजे कागदाचा तो भाग जो आपण पुस्तकात ठेवून घेतो, काउंटरफॉइल. का ठेवायचा? तर कोणी आकडा खोडून वाढवू नये म्हणून, म्हणजे लबाडीला आळा. पुन्हा तोच अडवण्याचा अर्थ. मग स्थळप्रतीचं नाव हळूहळू मूळ कागदाला चिकटलं. स्पेलिंगही आधी सी-के असंच होतं. दोन शब्द सारखे ऐकू आले म्हणून नातं जोडायचं नसतं, मधल्या पायऱ्या दाखवाव्या लागतात.

आता क्यू कुठून आला. इंग्लंडच्या सरकारी खजिन्याला एक्सचेकर म्हणतात, ऋषी सुनक पंतप्रधान व्हायच्या आधी त्याचेच चान्सलर होते. एक्सचेकर म्हणजे मुळात बुद्धिबळाचा पट! ११७०च्या दशकाच्या शेवटी तिथल्या खजिनदारानेच कामाची पद्धत गुरु-शिष्याच्या संवादात लिहून ठेवलीय. दहा फूट लांब पाच फूट रुंद टेबल, कडेला चार बोटं उंच काठ, म्हणजे वरचं काही घरंगळून पडू नये. त्यावर काळं कापड आणि कापडावर वीतभर अंतराने रेघा. एक रकाना पेनीचा, एक शिलिंगचा, एक पौंडाचा, पुढे वीस, शंभर, हजार पौंड. जिल्ह्याचा वसूल घेऊन शेरीफ समोर बसायचा आणि हिशेबनीस त्या रकान्यांत नाणी मांडत उचलत जायचा. रोमन आकड्यांत वजाबाकी करून बघा म्हणजे ही खटपट कशासाठी ते कळेल. तो खजिनदार लिहितो की पटावर दोन राजांची लढाई तशी इथे खजिनदाराची आणि शेरीफची. आपल्याकडच्या वसुलीलाही हे वर्णन लागू पडतं, पण ते असो. या एक्सचेकरच्या वजनाने बँकेच्या चेकला पुढे क्यू लागला. अमेरिकेत नाही लागला, तिथे तो अजून सी-केनेच लिहितात.

जाता जाता. याच एक्सचेकरमध्ये पावती म्हणून खाचा पाडलेल्या लाकडी पट्ट्या असत, उभ्या चिरून एक तुकडा देणाऱ्याकडे, एक घेणाऱ्याकडे. पद्धत बंद झाल्यावर १८३४ च्या ऑक्टोबरात त्या पट्ट्यांचा ढीग पार्लमेंटच्या तळघरातल्या भट्ट्यांत जाळला आणि अख्खं पार्लमेंट पेटलं. सरळ गरिबांना सरपण म्हणून वाटून टाकायचा होता.

रिकामटेकडा_राजवाडा
वा मास्तर! आणि शहमातच्या मातेवर पण भांडण आहे बरं का. अरबी धरलं तर राजा मेला, फारसी धरलं तर राजा हतबल झाला. मला दुसरं पटतं, कारण बुद्धिबळात राजाला कोणी मारतच नाही, फक्त जायला जागा उरत नाही. आपण आजारावर मात केली म्हणतो ते पण इथलंच.

सुदामानगरकरीण
बाप रे, एवढं पुराण निघेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. पण परीक्षेत काय लिहायचं ते सांगा ना, शिवाय तो आता विचारतोय की चेक रिपब्लिक पण यातच का.

रिटायर्ड_मास्तर
चेक रिपब्लिक यात नाही. ते तिथल्या लोकांचं स्वतःचं नाव आहे, स्पेलिंग सी-झेडने सुरू होतं, पटाशी काही देणंघेणं नाही. परीक्षेत पैशाचा चेक क्यू-यू-ई, तपासायचा आणि अडवायचा सी-के. शर्टाच्या चेक्सनाही सी-के, पण चौकटी-चौकटीचं या अर्थी चेकर्ड लिहायचं असेल तर ब्रिटिश पद्धतीत परत क्यू येतो. अमेरिकन पुस्तकात तो सी-केने दिसला तर बाईंशी वाद घालू नका म्हणावं.