जिग तळाला टेकलेला कळेल असा रॉड सुचवा (बजेट ७ हजार)

भाट्येकर
नमस्कार मंडळी. राहायला रत्नागिरीत. आजवर गरवलं ते गरीला जिवंत कोळंबी लावूनच. रॉड साडेआठ फुटी, फायबर ग्लासचा, भक्कम. आता ल्यूरचा, म्हणजे नकली आमिषाचा नाद लागलाय. भाट्ये खाडीत पुलाच्या अलीकडे-पलीकडे जिगहेडला (वजनदार डोक्याच्या गरीला) सॉफ्ट प्लास्टिकचा मासा लावून फेकतो, कधी मिरकरवाड्याच्या धक्क्यावरून छोटे मेटल जिग, म्हणजे धातूचे ल्यूर. वांधा असा की जिग तळाला पोचला की अजून मध्येच तरंगतोय, काही समजत नाही. शेपटी तुटलेलं प्लास्टिक वर आलं की कळतं, कोणीतरी येऊन गेलं.

दुकानदार ३० टन, ४० टन, आयएम८ असं काय काय सांगतो. रील आहे, ३००० साइजचं स्पिनिंग. फक्त रॉड हवाय. मासे म्हणाल तर जिताडा, तांबोशी, हेकरू, नशिबात असला तर रावस. शिवाय मे महिन्यात मामाकडे धरणावर मरळीला नकली बेडूक फेकायचाय, तेही त्याच रॉडवर भागलं तर सोन्याहून पिवळं.

खारवी_७८
आधी दोन गोष्टी सांग. रीलवर दोरा कुठला आहे? आणि जिग किती ग्रॅमचे फेकतोस?

भाट्येकर
नायलॉन, ०.४० चा. जिगहेड ७ ते १४ ग्रॅम, मेटल जिग २० चा.

खारवी_७८
मग निम्मं दुखणं दोऱ्यातच आहे भावा. नायलॉन ताणतो. जिग तीस-चाळीस मीटरवर असला की माशाने मारलेला टोला दोराच पिऊन टाकतो, हातापर्यंत येतंय काय? शिवाय ०.४० चा दोरा जाड, त्याला प्रवाह धरतो, मध्ये पोट येतं आणि ७ ग्रॅमचा जिग खाली जायच्या ऐवजी वाहत जातो. पीई १.२ जाडीचा आठपदरी ब्रेड (फारसा न ताणणारा विणलेला दोरा) भर, पुढे हातभर-दीड हात फ्लोरोकार्बनचा लीडर, म्हणजे ल्यूरच्या बाजूला जोडायचा वेगळा दोरा. तुझ्या त्याच ग्लासच्या रॉडवर एक ओहोटी काढ, फरक लगेच दिसेल. त्यानंतर रॉडला पैसे घाल.

आता रॉड. टन-बिन नंतर बघू, आधी रॉडवर रीलच्या वर छापलेला ग्रॅमचा आकडा वाच. तुझा जिग ७ ते २० चा, तर ७–२८ किंवा ५–२१ असा काहीतरी आकडा हवा. १५–४० चा कितीही महागडा रॉड घेतलास तरी ७ ग्रॅमचा जिग त्याची टिप वाकवणारच नाही. टिप वाकली नाही की जिगचं वजन हाताला लागत नाही, फेकही जवळच पडते. माझ्या मते हाताला कळणं म्हणजे नव्वद टक्के हेच. अमेरिकी रॉडवर आकडा बहुधा औंसात असतो. पाव औंस म्हणजे ७ ग्रॅम, अर्धा औंस १४, एक औंस २८.

लांबी सात फूट, पॉवर (ताकद) मीडियम, अ‍ॅक्शन (वाक) फास्ट. फास्ट म्हणजे वरचा तिसरा हिस्सा वाकेल आणि खालचा कणा ताठ राहील. हेकरू लागला की तो सरळ कपारीत शिरतो, तिथे कणाच उपयोगाला येतो.

पणजीचो_पात्रांव
खारवींशी सहमत, पण टनाबद्दल लिहितोच, कारण दुकानात सगळ्यात जास्त थापा तिथेच मारतात. टन म्हणजे कार्बनच्या तंतूचा ताठपणा. तंतू जितका ताठ तितकं कार्बनचं कापड कमी लागतं, रॉड हलका होतो आणि थरथर चांगली पोचवतो. इथवर खरं. पण आयएम६, आयएम७, आयएम८ ही मुळात एका कंपनीच्या तंतूंची नावं आहेत, सगळ्या रॉड कंपन्यांना लागू असलेली प्रतवारी नव्हे. एका कंपनीचा आयएम८ दुसरीच्या आयएम७ पेक्षा सरस असेलच असं नाही. आणि एकाच रॉडमध्ये वेगवेगळे तंतू मिसळलेले असतात, वर मोठा आकडा तेवढा छापतात.

दुसरं म्हणजे ताठ कार्बन ठिसूळ असतो. धक्क्यावर दगडावर आपटला, स्कूटरवरून नेताना लोखंडी कठड्याला घासला, तर त्या जागी दिसणारही नाही अशी चीर पडते आणि पुढच्या माशाला तिथेच तुटतो. तुमचा धक्का आणि सात हजारांचं बजेट बघता ४० टनाच्या मागे लागू नका. मधला, ३० च्या आसपासचा घ्या. उरलेले पैसे गाइडवर, म्हणजे दोरा ज्यातून जातो त्या कड्यांवर. जड गाइड टिपेवर असले की चांगल्या ब्लँकचीही (रॉडच्या मूळ काठीचीही) मजा जाते. फुजी कंपनीचे असतील तर उत्तमच. नसले तरी फ्रेम गंजणारी नको, नाहीतर खारं पाणी एका पावसाळ्यात तिचा निकाल लावतं.

भाट्येकर
धन्यवाद दोघांनाही. दुकानात हातात घेऊन नक्की काय बघायचं? तिथे तर सगळेच रॉड हलके वाटतात.

पणजीचो_पात्रांव
स्वतःचं रील घेऊन जा आणि लावून बघा. रीलच्या पायाच्या जरा पुढे एका बोटावर रॉड तोलला पाहिजे. टिप खाली झुकत असेल तर तासाभरात मनगट भरून येईल, आणि दमलेल्या हाताला काही कळत नाही.

मग दुकानातल्या कोणालातरी टिप हलकेच स्वतःच्या गळ्याला टेकवून बोलायला सांगा. तुम्ही मूठ धरा. चांगला रॉड असेल तर त्याचा आवाज मुठीत गुणगुणतो. लोक हसतील, हसू दे. दोन रॉड असे एकामागून एक धरले की तुमचं तुम्हालाच उत्तर मिळेल.

शिवाय मुठीच्या बाजूने एक डोळा मिटून सगळे गाइड एका रेषेत आहेत का बघा. प्रत्येक कडीच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. तंतू अडकला तर कडीला चीर आहे, ब्रेड कापला जाणार. रीलसीटच्या (रील बसतं त्या जागेच्या) खाली ब्लँक उघडा ठेवलेला असेल तर अजून बरं, तिथे बोट ठेवता येतं.

आणि कृपा करून दुकानातला माणूस टिप हातात धरून रॉडची कमान करून दाखवायला लागला तर तो रॉड घेऊ नका. टिपा तशाच मोडतात.

डार्विनचा_मालवणी
इकडे ऑस्ट्रेलियात जिताडा म्हणजे बॅरामंडी, त्याच्यासाठी अख्खं गाव वेडं. इथे बहुतेक लोक सहा-साडेसहा फुटी बेटकास्टर (वर बसणाऱ्या, फिरत्या ढोलाच्या रीलचा रॉड) वापरतात, कारण होडीतून तिवराच्या मुळांत वीतभर जागेत ल्यूर टाकायचा असतो. पण तू काठावरून आणि ७ ग्रॅम फेकतोस, तुला स्पिनिंगच बरं. हलकं वजन बेटकास्टरवर फेकायला गेलास की दोऱ्याचं घरटं होतं.

लीडर मात्र ३० पौंडाच्या खाली नको. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड वस्तऱ्यासारखी असते. मोठा जिताडा लागला तर जमल्यास सोड. हा मासा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो, म्हणजे मोठ्या त्या बहुतेक माद्याच.

भाट्येकर
आणि मरळ?

खारवी_७८
नाही जमणार. बेडूक पाण्यावरून ओढायचा, मरळ त्यावर उसळते ती डोळ्यांना दिसते, तिथे हाताला कळायचं आहे काय? तिथे शेवाळ आणि कमळाच्या देठांतून मासा उपसून काढायला हेवी रॉड आणि जाड ब्रेड लागतो. तुझा जुना ग्लासचा दांडका त्याला पुरेसा आहे. टॉपवॉटर (पाण्यावर तरंगणाऱ्या) आणि मोठ्या ओठाच्या ल्यूरला तर जरा मऊ रॉडच बरा, मासा आत घेईपर्यंत थोडी उसंत मिळते. हाताला कळणारा रॉड खरा जिगसाठीच.

आणखी एक, रॉड कितीही चांगला असला तरी जिग पडताना दोरा अगदी ढिला सोडू नकोस आणि ताणूनही धरू नकोस. टिप जिगच्या मागोमाग खाली ने. वाळूवर टेकला की हलकं थप्प, कालवांवर खट्ट, चिखलात काहीच नाही, नुसता दोरा सैल पडतो. बहुतेक घास याच उतरणीवर येतो. कधी हाताला टक् लागतं, कधी काही न लागता दोरा एकदम बाजूला सरकतो. म्हणून पिवळा नाहीतर पोपटी ब्रेड घे, नजरही कामाला लागते. शिकायला भांगाचं पाणी (भरती-ओहोटी कमी असते ते दिवस) धर, तेव्हा ७ ग्रॅमही नीट तळ गाठतो. उधाणाला पुलाखाली १४ सुद्धा वाहून जाईल.

भाट्येकर
आज दुकानात जाऊन आलो. गळ्याचा प्रयोग केला, मालकच तयार झाला. दोन रॉड उरलेत. दोन्ही सात फुटी, फास्ट, दोन तुकड्यांचे. एक मीडियम-लाइट ५–२१, ११० ग्रॅम वजनाचा. दुसरा मीडियम ७–२८, १२८ ग्रॅम. हाताला पहिला जास्त कळतो, हे नक्की.

खारवी_७८
फक्त खाडी असती तर पहिलाच म्हटलं असतं. पण धक्क्यावर २० ग्रॅमचा मेटल जिग जोरात झटकायचा, शिवाय खाली दगडात हेकरू. दुसरा घे. १८ ग्रॅमचा फरक ब्रेड भरलास की विसरशील.

पणजीचो_पात्रांव
मीही दुसराच म्हणेन. जोडाला मेणबत्तीचं मेण जरासं चोळा, फेकताना फिरणार नाही. मासा पायाशी आला की रॉड उभा करून उचलू नका, जाळी ठेवा. नवे रॉड निम्मे तिथेच मोडतात. आणि कार्बनमधून वीज वाहते. जूनमध्ये ढग गडगडायला लागले की रॉड आडवा ठेवून धक्क्यावरून निघा. गाडीपाशी विजेच्या तारा असतील तर तिथेही तो उभा धरू नका.

भाट्येकर
दुसरा घेतला, ६४०० ला. ब्रेड ऑनलाइन मागवलाय. लीडरला गाठ कुठली मारू?

डार्विनचा_मालवणी
एफजी. बारीक होते, गाइडमधून अडखळत नाही. घरी पंख्याखाली बसून हात बसव, वाऱ्यात पहिल्यांदा मारायला गेलास तर भरती निघून जाईल. तोवर डबल युनी चालेल, फक्त लीडर आखूड ठेव म्हणजे गाठ टिपेच्या बाहेर राहील.